अनपेक्षित विसंगती : एका दुरुस्ती-प्रोग्रामची पन्नास वर्षं



लिनक्स काही वर्षं वापरलेल्या माणसाने ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते. रात्री वीज गेलेली असते, किंवा कुणी बटण दाबून मशीन बंद केलेलं असतं, किंवा आपल्या मते काहीच झालेलं नसतं. सकाळी मशीन चालू करावं तर नेहमीची लॉगिनची खिडकी येत नाही. काळ्या पडद्यावर ओळ येते : ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’. खाली सांगितलेलं असतं, रूटचा पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. यापुढे मशीन आपणहून सरकत नाही.

मराठीत सांगायचं तर : अनपेक्षित विसंगती आढळली आहे, एफएससीके हाताने चालवा. एफएससीके म्हणजे ‘फाइल सिस्टिम चेक’. बोलताना बहुतेक लोक ‘एफ-एस-चेक’ म्हणतात. आजचं व्याख्यान या ओळीतल्या पहिल्याच शब्दाबद्दल आहे. ‘अनपेक्षित’. आता आपल्या दृष्टीने सकाळी मशीन सुरू न होणं हेच अनपेक्षित. पण प्रोग्राम तो शब्द तक्रारीच्या सुरात वापरत नाही. त्याला तिथे अगदी नेमका, तांत्रिक अर्थ आहे. तो अर्थ तयार व्हायला एक दशक लागलं आणि त्यानंतरची चार दशकं तो सारखा सरकत राहिला. तो कळला की त्या काळ्या पडद्यासमोर आपल्याला नक्की काय विचारलं जातंय ते कळतं.

आधी फाइल सिस्टिम म्हणजे काय ते वह्यांच्या भाषेत बघू. जुन्या पेढीवरची खतावणी डोळ्यांसमोर आणा. डिस्क म्हणजे एकसारख्या आकाराची हजारो पानं. त्यांना म्हणायचं ब्लॉक. प्रत्येक फाइलचं एक खातं असतं आणि त्या खात्याला नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. त्याला म्हणतात आयनोड. फाइल किती मोठी, कुणाची, आणि तिचा मजकूर कुठल्या कुठल्या पानांवर आहे, हे सगळं आयनोडमध्ये. फाइलचं नाव मात्र तिथे नाही. नाव असतं डिरेक्टरीत, म्हणजे अनुक्रमणिकेत : अमुक नाव, अमुक क्रमांकाचं खातं. एकाच खात्याला दोन नावं असू शकतात, म्हणून खात्यावर आपल्याला किती नावं आहेत याचा आकडा लिहिलेला असतो. शिवाय कोरी पानं कुठली याची एक वेगळी यादी. आणि सगळ्यांच्या आधी सुपरब्लॉक, म्हणजे वहीचं पहिलं पान : एकूण पानं किती, खाती किती, कोरी किती.

आता एक नवी फाइल तयार करायची आहे. कोऱ्यांच्या यादीतून एक पान कमी करायचं, खातं उघडायचं, अनुक्रमणिकेत नाव लिहायचं, पहिल्या पानावरचे आकडे बदलायचे. चार ठिकाणी लिहायचंय. पण डिस्क एका वेळी एकच ठिकाण लिहिते, आणि वेग राहावा म्हणून कर्नल हे सगळे बदल आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. दोन बदल उतरले आणि वीज गेली, तर? खातं उघडलंय पण अनुक्रमणिकेत नाव नाही. किंवा नाव आहे, पण ते ज्या खात्याकडे बोट दाखवतं ते खातंच रिकामं आहे. किंवा सगळ्यात वाईट : एक पान कुणाच्या तरी खात्यात आहे आणि कोऱ्यांच्या यादीतही आहे. म्हणजे उद्या तेच पान दुसऱ्याला दिलं जाणार. डिस्क शाबूत आहे, मजकूरही बहुतेक शाबूत आहे. ताळा मात्र जुळत नाही.

हे युनिक्सच्या जन्मापासून ठाऊक होतं. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मरे हिल इथे बेल लॅब्ज. तिथे १९६९ साली केन थॉम्प्सनने पीडीपी-७ या छोट्या मशीनवर युनिक्सची सुरुवात केली. फाइल सिस्टिमचा आराखडा त्याने, डेनिस रिची आणि रड कॅनडे या सहकाऱ्यांबरोबर आधीच आखला होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं. त्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या नाही, तरी साठेक कमांड होत्या, आणि त्यांत ‘चेक’ नावाची एक होती : फाइल सिस्टिमचा ताळा तपासणारी. म्हणजे फाइली बनवणाऱ्या, हलवणाऱ्या, पुसणाऱ्या कमांडांच्या शेजारीच, पहिल्या दिवसापासून, ही.

१९७४ साली थॉम्प्सन आणि रिचीचा युनिक्सवरचा प्रसिद्ध लेख आला. त्यात एक मुद्दा आहे जो वाचणारे सहसा ओलांडून पुढे जातात. ते म्हणतात की सगळी खाती एका सरळ रांगेत, डिरेक्टऱ्यांच्या झाडापासून वेगळी ठेवल्यामुळे एक फायदा झाला : तपासणी सोपी आणि जलद झाली. रांगेने सगळी खाती वाचत जायचं, प्रत्येक पानावर टिकमार्क करायचा. शेवटी वापरातली पानं आणि कोरी पानं मिळून पूर्ण वही झाली पाहिजे, आणि एकही पान दोन्हीकडे असता कामा नये. झाडाच्या फांद्या मोडल्या असल्या तरी ही मोजणी करता येते. दुरुस्तीची शक्यता आराखड्यातच होती, आणि माझ्या मते युनिक्सच्या फाइल सिस्टिमने इतकी वर्षं काढली त्याचं हे एक मोठं कारण आहे.

पुढे ‘चेक’चे तुकडे झाले. ‘आयचेक’ पानांचा हिशोब बघायचं. ‘डीचेक’ अनुक्रमणिकेतली नावं मोजून खात्यावरच्या आकड्याशी ताडून बघायचं. ‘एनचेक’ खात्याच्या क्रमांकावरून नाव शोधून द्यायचं. आणि एक होतं ‘सीएलआरआय’, म्हणजे ‘क्लिअर आय’ : क्रमांक द्या, ते खातं कोरं करून टाकतो. विचारत बसत नाही. तपासणारी हत्यारं वेगळी, कापणारं वेगळं, आणि मध्ये माणूस. आयचेकने कागदावर छापलेले आकडे बघायचे, एनचेकने ती फाइल कुणाची ते काढायचं, मग ठरवायचं की हिला ठेवायची का मारायची.

त्या काळच्या मॅन्युअलमध्ये मशीन कोसळल्यावर काय करावं याचं एक पान आहे. त्यात सांगितलंय की बिघडलेली डिस्क हळुवारपणे हाताळा. गरज नसेल तर माउंट करू नका. मोलाची असेल आणि फार बिघडली असेल तर शस्त्रक्रियेआधी तिची प्रत काढून घ्या. आणि या कामात अनुभव आणि जाणतं धाडस, दोन्ही लागतं. मॅन्युअलच्या कोरड्या भाषेत ‘धाडस’ हा शब्द येतो हे बघा. लिहिणाऱ्यांना माहीत होतं की इथे यंत्राचं काम संपतं.

याच काळातली एक सवय जुने लोक अजून सांगतात. मशीन बंद करण्याआधी ‘सिंक’ ही कमांड तीनदा द्यायची. सिंक म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरव. पण ती कमांड काम पूर्ण होण्याआधीच ‘झालं’ म्हणून परत यायची. तीन वेळा, तीन वेगळ्या ओळींवर टाइप करेपर्यंत डिस्कला वेळ मिळायचा, एवढंच. तिसऱ्या सिंकमध्ये मंत्र नव्हता. पण पुढच्या पिढीने तो मंत्र म्हणूनच उचलला, आणि एका ओळीवर तिन्ही लिहायला लागली, म्हणजे वेळ मिळण्याचा मुद्दाच गेला. (हशा)

आता एफएससीकेकडे येऊ. बेल लॅब्जमध्ये टी. जे. कोवाल्स्की याने ही विखुरलेली कामं एका प्रोग्राममध्ये आणली. त्याचा दस्तऐवज मार्च १९७९ चा आहे. तपासणी टप्प्यांत विभागली होती : आधी खाती आणि पानं, मग डिरेक्टऱ्यांमधली नावं, मग प्रत्येक डिरेक्टरी झाडाला जोडलेली आहे ना, मग नावांचे आकडे, शेवटी कोऱ्या पानांची यादी. आज तुमच्या मशीनवर ई-टू-एफएससीके चालवा. ‘पास १’ ते ‘पास ५’, हाच क्रम पडद्यावर येतो. मधली मशीनं सगळी भंगारात गेली, क्रम तोच राहिला.

कोवाल्स्कीच्या त्या दस्तऐवजात सगळ्यात वाचण्यासारखं काय असेल तर शेवटची यादी. प्रोग्राम जो जो प्रश्न विचारतो, तो प्रत्येक प्रश्न दिलेला आहे, आणि खाली लिहिलंय : ‘हो’ म्हटलंत तर काय होईल, ‘नाही’ म्हटलंत तर काय होईल. ‘हो’ म्हणजे दुरुस्ती, असं आपण समजतो. यादीत बघितलं तर कित्येक ठिकाणी ‘हो’चा अर्थ आहे ‘हे खातं कोरं कर’ किंवा ‘ही नोंद काढून टाक’. ताळा जुळवायचे दोन मार्ग असतात, हरवलेलं शोधायचं किंवा उरलेलं खोडायचं, आणि प्रोग्रामच्या हातात बहुतेक वेळा दुसराच असतो. जे पुसलं गेलं ते त्याला कुठून माहीत असणार?

एक मधला मार्ग होता. खातं शाबूत आहे, मजकूर शाबूत आहे, फक्त अनुक्रमणिकेत कुठेच नाव नाही, अशी फाइल सापडली तर तिला ‘लॉस्ट प्लस फाउंड’ या डिरेक्टरीत ठेवायचं. ही डिरेक्टरी तुम्ही प्रत्येक एक्स्ट डिस्कवर पाहिली असेल आणि बहुतेकांनी ती कशाला म्हणून दुर्लक्षही केलं असेल. ती आधीपासूनच बनवून, तिच्यात रिकाम्या ओळी आखून ठेवलेल्या असतात. जुन्या काळी त्यासाठी त्यात ढीगभर फाइली बनवायच्या आणि पुसायच्या. कारण सोपं आहे : दुरुस्ती चालू असताना कुठलं पान खरोखर कोरं आहे याची खात्री नसते, तेव्हा नवं पान मागायचं कसं? वारसदार नसलेल्यांसाठी खोली आगीच्या आधीच बांधून ठेवावी लागते.

आणखी एक छोटी गोष्ट. मूळ डिस्क, म्हणजे रूट, दुरुस्त केल्यावर जुना एफएससीके ओरडून सांगायचा की युनिक्स पुन्हा बूट करा आणि सिंक करू नका. कारण मेमरीत अजून बिघडलेल्या सुपरब्लॉकची प्रत होती, आणि सिंक केलं की ती दुरुस्त पानावर जाऊन बसायची. तीनदा सिंक करायची सवय लागलेल्या माणसाचं काय झालं असेल, कल्पना करा.

आता ‘अनपेक्षित’ हा शब्द. तो येतो कॅलिफोर्नियातून, बर्कलीहून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत व्हॅक्स मशीनांवर युनिक्स चालत होतं, माणसं कमी होती, आणि मशीन कोसळल्यावर ते आपणहून उठावं अशी इच्छा होती. म्हणजे एफएससीके बूट होताना स्वतः चालला पाहिजे, प्रश्न न विचारता. पण प्रश्न न विचारता दुरुस्ती करायची तर कुठल्या चुका यंत्राने आपल्या जबाबदारीवर सुधारायच्या?

याचं उत्तर फार हुशारीचं आहे. त्यांनी लिहिण्याचा क्रम बांधून घेतला. आधी खातं डिस्कवर, मगच अनुक्रमणिकेत नाव. पुसताना उलट : आधी नाव काढ, मगच खातं मोकळं कर. महत्त्वाच्या नोंदी लिहिताना थांबायचं, डिस्कने ‘झालं’ म्हटल्यावर पुढे जायचं. वेग कमी होतो, पण एक मोठी गोष्ट मिळते : वीज कुठल्याही क्षणी गेली तरी नुकसान ठरावीक प्रकारचंच होऊ शकतं. बर्कलीच्या मॅन्युअलमध्ये ते प्रकार मोजून दिले आहेत. नाव नसलेलं खातं. नावांचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त. कोऱ्या यादीतून हरवलेली पानं. कोऱ्या यादीत आहेत पण फाइलमध्येही आहेत अशी पानं. सुपरब्लॉकवरचे चुकीचे आकडे. झालं. एवढंच यंत्राने स्वतः सुधारायचं. या पद्धतीला नाव होतं ‘प्रीन’, म्हणजे पक्षी चोचीने पिसं नीट करतो ते.

यापलीकडचं काही दिसलं, तर ते वीज गेल्याने झालेलं असूच शकत नाही. मग डिस्क खराब असेल, मेमरी खराब असेल, कर्नलमध्ये बग असेल. हे ‘अनपेक्षित’. प्रीन तिथे थांबतो, बूट थांबतं, आणि बर्कलीच्या बूट स्क्रिप्टमध्ये यासाठी जी ओळ होती ती मला फार आवडते : ‘ऑटोमॅटिक रीबूट फेल्ड... हेल्प!’ मदत करा. मशीन माणसाला हाक मारतंय. मार्शल कर्क मॅकक्युसिकने बर्कलीत नव्या जलद फाइल सिस्टिमसाठी एफएससीके नव्याने बांधला, ४.२ बीएसडी १९८३ मध्ये बाहेर पडलं, आणि ही वाटणी रूढ झाली : अपेक्षित ते यंत्राचं, अनपेक्षित ते माणसाचं.

आता हेलसिंकी. १९९१. लिनस टोरवाल्ड्स लिनक्स लिहितोय, फाइल सिस्टिम मिनिक्सची उचललेली : जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट, नाव १४ अक्षरांचं. त्याच नोव्हेंबरात त्याने तपासणीचा प्रोग्रामही लिहिला. त्याच्या सोर्सच्या डोक्यावर तारखांसह नोंदी आहेत आणि आजही त्या तशाच आहेत. ९ नोव्हेंबरला पहिली कच्ची आवृत्ती. १० ला तपासतो, दुरुस्त करत नाही, लोकांकडे चाचणीला पाठवला. १४ ला दुरुस्तीचा थोडा कोड. १६ ला लिहितो की बहुतेक गोष्टी चालताहेत असं दिसतं, आणि लगेच स्वतःचीच टर उडवतो. आणि पुढची नोंद थेट १९ एप्रिल १९९२ ची. तिथे तो सांगतो की जुन्या आवृत्तीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली, कारण सुधारलेला एफएससीके फेब्रुवारीत कर्नलच्या एका बगने खाल्ला. दुरुस्त करणारा प्रोग्राम ज्या डिस्कवर होता ती डिस्कच बिघडली! बर्कलीच्या भाषेत, शंभर टक्के अनपेक्षित.

मिनिक्सची मर्यादा तोडायला पॅरिसमधल्या रेमी कार्डने १९९२ मध्ये ‘एक्स्ट’ आणि जानेवारी १९९३ मध्ये ‘एक्स्ट-टू’ लिहिली. एक्स्ट-टूचा पहिला तपासणी-प्रोग्राम टोरवाल्ड्सच्या मिनिक्सवाल्यावरच बेतलेला होता. मग एमआयटीमधल्या थिओडोर त्सोने तो पहिल्यापासून नव्याने लिहिला, आणि तोच आज आपण वापरतो.

एक्स्ट-टूने एक जुगार खेळला. बर्कलीसारखं थांबून थांबून लिहायचं नाही. मेमरीत टाका, सवडीने उतरवा, कुठल्याही क्रमाने. त्यामुळे लिनक्स वेगवान झालं आणि बीएसडीवाल्यांनी यावर पुष्कळ टीका केली. टीका रास्तच होती, कारण क्रम सोडला की ‘अपेक्षित नुकसान कुठलं’ या प्रश्नाचं नेमकं उत्तरही सुटतं. लिनक्सचं उत्तर होतं त्सोचा एफएससीके. त्याच्या सोर्समध्ये एक लांबलचक तक्ता आहे : आढळू शकणारा प्रत्येक दोष, त्याचा संदेश, आणि काहींच्या पुढे एक खूण, ‘पीआर-प्रीन-ओके’. खूण असेल तर बूटच्या वेळी न विचारता सुधार. नसेल तर थांब, आणि पडद्यावर ती ओळ दाखव. म्हणजे बर्कलीत जी रेषा लिहिण्याच्या क्रमातून सिद्ध होत होती, ती इथे एका अनुभवी माणसाने दोषागणिक ठरवून तक्त्यात भरली. तुमची सकाळ कशी जाणार ते त्या तक्त्यातल्या एका खुणेवर ठरतं.

आपल्याकडचं थोडं सांगतो, कारण त्याचा इथे खराच संबंध आहे. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, काही भागांत दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. यूपीएस नसलेल्या घरांत आणि लॅबमध्ये एक्स्ट-टूवरचा लिनक्स म्हणजे रोज एफएससीके. त्यात भर म्हणजे काही झालं नसलं तरी वीस-पंचवीस बूटनंतर किंवा सहा महिन्यांनी सक्तीची पूर्ण तपासणी व्हायची. प्रात्यक्षिकाच्या तासाला नेमकी तीच वेळ यायची.

तपासणीला वेळ का लागतो? पूर्ण वही वाचावी लागते म्हणून. कुठल्या पानावर पेन थांबलं होतं हे माहीत नसतं. याचं उत्तर पेढीवर शेकडो वर्षं होतं : रोजकीर्द. खतावणीत हात घालण्याआधी काय करणार आहोत ते रोजकीर्दीत लिहायचं. मध्येच दिवा गेला, तर सकाळी फक्त रोजकीर्दीचं शेवटचं पान बघायचं आणि अर्धवट राहिलेलं पुरं करायचं. डेटाबेसवाले हे करतच होते, आयबीएमच्या जेएफएसने आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएसने ते फाइल सिस्टिममध्ये आणलं होतं. स्टीफन ट्वीडीने १९९८ मध्ये एक्स्ट-टूला अशी रोजकीर्द जोडायचा आराखडा मांडला. हीच एक्स्ट-थ्री. इंग्रजीतही शब्द तोच आहे, जर्नल.

एक्स्ट-थ्री अधिकृत कर्नलमध्ये आली २.४.१५ मध्ये, नोव्हेंबर २००१. आता योगायोग बघा. त्याच २.४.१५ मध्ये एक वेगळाच बग होता, अनमाउंट करताना फाइल सिस्टिम बिघडवणारा. तीन-चार दिवसांत २.४.१६ काढावी लागली. ज्यांनी मधल्या दिवसांत ती चालवली त्यांच्या डिस्कवर ‘सगळं ठीक’ असा शिक्का होता, वीज कधी गेली नव्हती, रोजकीर्द स्वच्छ होती, आणि ताळा तरी चुकलेला असू शकत होता.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. रोजकीर्दीने बर्कलीची ‘अपेक्षित’ यादी जवळजवळ सगळी गिळली. वीज गेल्याने होणारं नुकसान आता काही सेकंदांत, एफएससीकेच्या पाच टप्प्यांशिवाय भरून निघतं. मग एफएससीकेकडे उरलं काय? फक्त अनपेक्षित. म्हणून एक्स्ट-थ्री, एक्स्ट-फोरवर आज ती काळ्या पडद्यावरची ओळ दिसते तेव्हा ती १९९५ मधल्या त्याच ओळीपेक्षा कितीतरी गंभीर असते. शब्द तेच, बातमी वेगळी. आणि नेमकं याच काळात लोकांचा समज उलटा झाला, की जर्नल आहे म्हणजे एफएससीके किरकोळ गोष्ट, एंटर दाबून पुढे जावं. एक्सएफएसने तर ‘एफएससीके डॉट एक्सएफएस’ नावाचा असा प्रोग्राम दिला की जो काहीच करत नाही, आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये तसं सरळ लिहिलंय : काही करत नाही, यशस्वीपणे. खरी दुरुस्ती ‘एक्सएफएस रिपेअर’ या वेगळ्या हत्याराने, माणसाने बसून करायची. मला हा प्रामाणिकपणा वाटतो.

दुरुस्ती करणाऱ्याची तपासणी कुणी केली का? केली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गुनावी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की ई-टू-एफएससीके काही वेळा हातात असलेली माहिती पूर्ण न वापरता दुरुस्ती करतो आणि क्वचित फाइल सिस्टिम आणखी बिघडवतो. त्यांनी तीच तपासणी डेटाबेसच्या प्रश्नांच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, लिहून बघितली. २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने विचारलं, दुरुस्ती चालू असतानाच वीज गेली तर? उत्तर असं की कधी कधी अशी अवस्था होते की दुसऱ्यांदा चालवूनही सुटत नाही. आपल्याकडे वीज जाते आणि येते आणि पुन्हा जाते. त्यामुळे हा प्रश्न कागदी नाही.

आणि आता पडद्यासमोर माणूस असतोच कुठे? डेबियनमध्ये वर्षानुवर्षं ‘एफएससीकेफिक्स’ नावाची एक सेटिंग होती, आणि ती ‘नो’वर असायची : अनपेक्षित दिसलं तर माणसाला विचार. रास्पबेरी पायच्या बूट ओळीत मात्र ‘रिपेअर बरोबर येस’ असतं, कारण तिला पडदा जोडलेला असेलच असं नाही. अँड्रॉइड फोन बूट होताना एक्स्ट-फोरवर ई-टू-एफएससीके ‘-वाय’ देऊन चालवतो. ‘वाय’ म्हणजे सगळ्या प्रश्नांना ‘हो’. कोवाल्स्कीच्या यादीत ‘हो’च्या खाली काय लिहिलं होतं ते आठवा. फोनचं दुसरं करणार तरी काय, फोन कुणाला हाक मारणार? निर्णय बरोबरच आहे. पण बर्कलीत जी ‘हेल्प!’ होती ती आता ऐकू येत नाही, आणि काय खोडलं गेलं ते कुणाला कळत नाही.

आता प्रश्न आलेत, त्यांतले दोन घेतो.

पहिला : ती ओळ दिसली तर नक्की काय करायचं? आधी डिस्क स्वतःच मरत नाहीये ना ते बघा. कर्नलच्या संदेशांत वाचण्या-लिहिण्याच्या चुका दिसतात का, स्मार्टचा अहवाल काय म्हणतो. डिस्क मरत असेल तर एफएससीके चालवूच नका, दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण प्रत काढा आणि काय करायचं ते प्रतीवर करा. डिस्क ठीक असेल तर पेनड्राइव्हवरून बूट करून, माउंट न करता, आधी ‘-एन’ देऊन चालवा. तो फक्त वाचतो, लिहीत नाही. दोन-चार आकड्यांच्या तक्रारी असतील तर ‘वाय’ म्हणायला हरकत नाही. पण पडद्यामागून पडदे भरून दोष येत असतील तर थांबा, कदाचित सुपरब्लॉकच चुकीचा वाचला जातोय. त्याच्या प्रती डिस्कवर ठरावीक जागी असतात. चार किलोबाइटचे ब्लॉक असतील तर पहिली ३२७६८ या ब्लॉकवर, आणि ‘-बी’ देऊन ती वापरायला सांगता येतं. आणि ‘-झेड’ने एक उलटवही ठेवता येते, म्हणजे दुरुस्ती पसंत नाही पडली तर ‘ई-टू-अनडू’ने मागे फिरता येतं. ही सोय असूनही फार थोडे लोक वापरतात.

दुसरा : एका श्रोत्याने विचारलंय की ‘लॉस्ट प्लस फाउंड’मध्ये हॅशचं चिन्ह आणि पुढे आकडा अशा नावाच्या फाइली आल्या आहेत, पुसू का? तो आकडा म्हणजे आयनोडचा क्रमांक. नाव अनुक्रमणिकेत होतं, अनुक्रमणिका गेली, खातं उरलं. पुसू नका. ‘फाइल’ ही कमांड त्यांच्यावर चालवा, आतला मजकूर बघून ती सांगेल की हा फोटो आहे, हे पीडीएफ आहे. त्यांतलीच एखादी डिरेक्टरी असेल तर नशीब, कारण तिच्या आतली नावं जशीच्या तशी असतात. फक्त तिचं स्वतःचं नाव गेलेलं असतं.